पहिला तास काहीच होत नाही म्हणे!

दिवाळीत पुण्याचा आतेभाऊ सहकुटुंब चंद्रपूरला येऊन गेला. (ताडोबाच्या निमित्ताने का होईना, हल्ली नातेवाईक आमच्याकडे येतात. वाघाचे आभार.) रात्री जेवणं झाल्यावर गप्पा सिनेमावर आल्या, तिथून भयपटांवर, आणि मी 'द डिसेंट'चं नाव काढलं. तो लगेच म्हणाला, "तो गुहेतला ना? पाहिलाय. पण तुला सांगतो, पहिला तास सरळ पुढे ढकल. काहीच होत नाही त्यात, नुसत्या सरपटत असतात. राक्षस आले की मग पिक्चर सुरू होतो."

मी काही बोललो नाही. पाहुणा माणूस, त्यातून सणाचे दिवस. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. तेव्हा जे बोललो नाही ते आता इथे लिहून मोकळा होतो.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (शेवट सांगणार आहे. ज्यांना पाहायचाय त्यांनी इथेच थांबा, नंतर भांडू नका.) नील मार्शल या दिग्दर्शकाचा हा २००५ सालचा ब्रिटिश सिनेमा. सहा मैत्रिणी अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरात एका गुहेत उतरतात. त्यातल्या साराचा नवरा आणि मुलगी वर्षभरापूर्वी अपघातात गेलेत. आत गेल्यावर एका अरुंद बोळातून सरपटताना सारा अडकते, मागून बोळ कोसळतो आणि परतीची वाट बंद होते. मग कळतं की जुनो नावाच्या मैत्रिणीने सगळ्यांना ठरलेल्या गुहेत आणलेलंच नाही. ही वेगळीच, कुणाला माहीत नसलेली गुहा आहे. म्हणजे वर शोधाशोध झालीच तर ती भलत्याच ठिकाणी होणार. इथवर जवळपास निम्मा सिनेमा होतो. त्यानंतर अंधारात राहणारे, डोळ्यांनी न दिसणारे पण कानांनी तिखट असे पांढुरके प्राणी येतात आणि मारामारी सुरू होते.

या सिनेमाबद्दल आजवर जेवढ्या लोकांशी बोललो त्यांचे तीन पंथ आहेत. पहिला आतेभावाचा: राक्षस येईपर्यंत कंटाळा. दुसरा माझ्या नागपूरच्या एका सिनेमावेड्या मित्राचा: राक्षस आले आणि चांगल्या सिनेमाची माती झाली. तिसरा पंथ सगळ्यात मोठा: कशाला मरायला गेल्या होत्या तिथे? बरं झालं!

आता कबुली. मी स्वतः पहिल्या पंथातला होतो. २००७ च्या सुमारास नागपूरला होस्टेलमध्ये आम्ही सात-आठ पोरांनी हा सिनेमा एका कॉम्प्युटरवर पाहिला होता. पहिल्या अर्ध्या भागात आम्ही खिदळत होतो. कुणीतरी म्हणालं, "अबे, पुढे घे ना." मीच माऊस पुढे ओढला. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझे वडील भूमिगत कोळसा खाणीत कामाला होते. सदतीस-अडतीस वर्षं ते रोज जमिनीखाली गेले. आणि त्यांचा मुलगा म्हणत होता की सरपटण्यात काय बघायचंय.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री हाच सिनेमा घरी लावला होता. बाबा अंगणातून आत आले आणि खुर्चीवर बसले. सत्तरी ओलांडलीय त्यांनी. इंग्रजी कळत नाही, सिनेमाची फारशी आवड नाही. मला वाटलं पाच मिनिटांत उठतील. ते निम्मा सिनेमा हलले नाहीत. राक्षस आल्यावर मात्र त्यांचं लक्ष उडालं.

त्या निम्म्या सिनेमात बाबा जे बोलले ते असं होतं.

पोरी दोर लावून खाली उतरल्या तेव्हा: "पैसे देऊन जातात हे लोक?" मी म्हटलं, हो बाबा, हौस असते. ते म्हणाले, "अजब हाय." पुढे: "छत ठोकून नाही पाह्यलं कुणीच."

हे छत ठोकणं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भूमिगत खाणीत कोळशाचे मोठे मोठे खांब मागे ठेवून मधला कोळसा काढत जातात. त्या खांबांच्या मधल्या छताखाली माणसं काम करतात. छत चांगलं आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. काठीने किंवा सळईने ठोकून बघायचं. खणखणीत वाजलं तर ठीक. पोकळ, ढोलकीसारखं बद्द वाजलं तर तिथून बाजूला व्हायचं. आता छतात बोल्ट ठोकतात, मोजमापाची साधनं आहेत, पण ठोकून ऐकणं काही सुटलेलं नाही. भारतातल्या भूमिगत कोळसा खाणींत स्फोटापेक्षा, पाण्यापेक्षा आजवर जास्त बळी घेतले ते वरून आणि बाजूने पडणाऱ्या दगडांनी. म्हणजे बाबांनी अडतीस वर्षं रोज जे केलं ते काय, तर कान देऊन छत ऐकलं. 'काहीच होत नाही' म्हणजे नेमकं हेच होत असतं.

उजेडाबद्दल ते खूष होते. या सिनेमातल्या गुहा खऱ्या नाहीत, स्टुडिओत बांधलेल्या आहेत. पण दिग्दर्शकाने एक पथ्य पाळलंय. बायकांनी बरोबर नेलेला टोपीचा दिवा, टॉर्च, मशाल, यांचाच उजेड पडद्यावर. बाकी काळोख. हिंदी सिनेमात खाणीत निळा उजेड कुठून येतो देव जाणे. बाबा म्हणाले, "हे बरोबर दाखवलं. जिकडे डोकं फिरवलं तेवढंच दिसते."

आणि जुनोची लबाडी मी त्यांना समजावून सांगितली, की वर कुणालाच माहीत नाही या कुठे आहेत, तेव्हा बाबा पहिल्यांदा चिडले. "म्हणजे हाजिरीच नाही लावली?"

खाणीत उतरण्याआधी हाजिरी लागते, दिवा घ्यावा लागतो, दिव्याला नंबर असतो. पाळी सुटल्यावर दिवा परत आला नाही तर माणूस खाली आहे. एवढी साधी गोष्ट. पण तिच्यावर सगळं उभं आहे. १९८९ च्या नोव्हेंबरात राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरलं, ७१ जण अडकले, ६ गेले. उरलेल्या ६५ जणांना जसवंतसिंग गिल यांनी वरून भोक पाडून लोखंडी पिंजऱ्यातून एकेक करून वर काढलं. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत फुटबॉल खेळणारी १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले. तिथे पाणी उपसण्याच्या कामात मदत करायला आपल्या किर्लोस्करांची माणसं गेली होती. २०२३ मध्ये उत्तरकाशीजवळ सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर १७ दिवस होते आणि सगळे जिवंत बाहेर आले. ही सगळी माणसं वाचली, कारण वरच्यांना माहीत होतं की खाली कोण आणि किती आहेत. जुनोचा गुन्हा राक्षसांपेक्षा मोठा आहे तो इथे. मी हा सिनेमा चार वेळा पाहिला, पण हे मला कळलं नव्हतं. इंग्रजी न कळणाऱ्या माणसाने ते एका वाक्यात सांगितलं.

आईचं वेगळंच. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "बायांना जाऊ देतात का खाली?" मी हसलो. मग लक्षात आलं की प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे दीर्घकाळ जाऊ देत नव्हते. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखालच्या कामावर बंदी होती. त्याआधी इंग्रजांच्या काळात बंदी आली, पण दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये ती उठवली आणि १९४६ मध्ये परत घातली. म्हणजे गरज असेल तेव्हा बाई खाली चालते! २०१९ मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी दिवसपाळीत बायकांना खाली जायची मुभा मिळाली. तेव्हा "सहा बाया गुहेत, काहीही दाखवतात" म्हणणाऱ्या तिसऱ्या पंथातल्या मंडळींनी जरा थांबावं. आपल्याच आज्या-पणज्या, इथे नाही तर झरिया-राणीगंजला, डोक्यावर टोपल्या घेऊन खाली कोळसा वाहत होत्या. हौसेने नव्हे.

"कशाला गेल्या होत्या" या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच. हौसेने गेलेल्या माणसाची भीती आणि पोटासाठी गेलेल्या माणसाची भीती यात फरक आहे, मान्य. पण छताला तो फरक कळत नाही.

आता दुसरा पंथ, राक्षस नकोच होते म्हणणारा. हे लोक स्वतःला जाणकार समजतात आणि मीही बरीच वर्षं त्यांच्यात जाऊन बसलो होतो. (होस्टेल सुटल्यावर माणूस शहाणा होतो तो असा.) त्यातून मला बाहेर काढलं आरमोरीच्या मामाने. मामाचं आयुष्य गडचिरोलीच्या जंगलाकाठी गेलं. झाडीपट्टीतला माणूस, मंडईच्या दिवसांत रात्र रात्र नाटकं बघणारा, आणि नाटक पडलं तर तोंडावर सांगणारा. त्याला मी एकदा ही गोष्ट नुसती तोंडी सांगितली. राक्षसांपर्यंत आलो तर म्हणाला, "मंग त्यायचं काय चुकलं? अस्वलाच्या बिळात शिरायचं अन् म्हनायचं का अस्वल वाईट."

मोहफुलांच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायला गेलेल्या माणसांवर अस्वल धावून येतं, हे आमच्याकडे दर वर्षीचं आहे. अस्वलही फुलांसाठीच आलेलं असतं. मामाला अस्वलाची भीती वाटते, चांगलीच वाटते, पण तो त्याला राक्षस म्हणत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या वीज केंद्रातून पाळी संपवून घरी निघालेल्या कामगाराला वाघाने मारलं. पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला नेलं. कोळशाच्या खाणीतून उपसलेल्या मातीचे जे डोंगर आम्ही गावाभोवती रचलेत त्यावर झुडपं वाढलीत आणि त्यात वाघ राहतात. कोण कुणाच्या घरात शिरलंय, सांगा.

तेव्हा गुहेतले ते प्राणी असू द्या. त्यांनी सिनेमाची माती होत नाही. ते तिथले रहिवासी आहेत. माती होते ती आपण त्यांनाच सिनेमा समजतो तेव्हा. पहिला पंथ म्हणतो राक्षस आल्यावर सिनेमा सुरू होतो, दुसरा म्हणतो राक्षस आल्यावर संपतो. दोघांचीही नजर राक्षसावरच. आणि गंमत म्हणजे हीच मंडळी २०१८ च्या 'तुंबाड'चं कौतुक करतात, २०२४ मध्ये तो परत लागला तेव्हा परत जाऊन बघतात आणि सांगतात की खरी मजा त्या दोरावरून खाली उतरण्यात आहे. तिथे थांबता येतं, मग इथे का नाही? मराठी वाचकाला हे नवीन नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचून वाढलेल्या माणसाला, भीती दार उघडल्यावर नसते, दाराकडे जाताना असते, हे शिकवायला नको.

पण मला राग येतो तो सिनेमासाठी नाही. सिनेमा काय, आज आहे उद्या नाही. ही सवय पडद्याबाहेर येते त्याचा राग आहे. मोठी दुर्घटना झाली की आपण भितो, रडतो, सिनेमा काढतो. १९७५ च्या डिसेंबरात धनबादजवळ चासनाला खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. त्यावरून १९७९ मध्ये 'काला पत्थर' आला. राणीगंजवर २०२३ मध्ये अक्षयकुमारचा सिनेमा आला. दोन्ही जरूर पाहावेत. पण एका पाळीत एका माणसावर एक दगड पडतो, त्यावर कोण सिनेमा काढणार? तिथे राक्षस आलेलाच नसतो. तो 'पहिल्या तासात' गेलेला माणूस. पेपरात आतल्या पानावर चार ओळी. पुढे ढकला.

ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या घुग्घुसला, अमराई वॉर्डात, एक अख्खं घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत खाण. घरातली माणसं वेळेत बाहेर पळाली म्हणून वाचली. आजूबाजूच्या घरांनाही हलवावं लागलं. तेव्हा आठवडाभर सगळे बोलत होते. त्याआधी आणि त्यानंतर? वरोरा, बल्लारपूर, लालपेठ, दुर्गापूर, घुग्घुस, जवळपास दीडशे वर्षांपासून आम्ही या जिल्ह्याच्या पोटातून कोळसा काढतोय. वरोऱ्याची खाण तर १९०६ मध्येच बंद झाली. आता बहुतेक कोळसा खुल्या खाणींतून निघतो, पण जुन्या पोकळ्या कुठे जात नाहीत. त्यांच्यावर आमची घरं, दुकानं, शाळा आहेत. २९२० मेगावॅटचं वीज केंद्र इथे आहे. त्याच विजेवर पुण्या-मुंबईचे टीव्ही चालतात आणि त्या टीव्हीवर माणसं रिमोट हातात घेऊन म्हणतात, "पहिला तास ढकल."

आतेभावाला हे तोंडावर बोललो असतो तर आत्याने मला घराबाहेर काढलं असतं. असो.

एक गोष्ट राहिली. ती सांगायची की नाही यावर चार दिवस घालवले.

सिनेमात सारा बोळात अडकते तो प्रसंग. तिचा श्वास वाढतो, हात हलत नाहीत, डोळे फिरतात. बेथ नावाची मैत्रीण पुढे निघून गेलेली असते, ती उलटी सरपटत परत येते. तिच्या तोंडाशी तोंड आणते आणि बोलायला लागते. विनोद सांगते. तिला बोलतं ठेवते आणि हळूहळू ओढून काढते. मागून बोळ कोसळतो, पण तोवर सारा बाहेर आलेली असते.

हा प्रसंग संपला आणि बाबा उठून अंगणात गेले. मी थोड्या वेळाने गेलो. कट्ट्यावर बसले होते. म्हणाले, "असंच करायचं असते. बोलत ठेवायचं."

मग सांगितलं. १९८७ सालचा पावसाळा. दुसरी पाळी. त्यांचा जोडीदार छताखाली काम करत होता, बाबा चार पावलांवर होते. आधी बारीक माती गळली, मग दगड आला. छातीपासून खाली माणूस दगडाखाली. डोकं बाहेर. दगड उचलायला जॅक आणायला माणसं पळाली आणि बाबा त्याच्याजवळ जमिनीवर पालथे पडून बोलत राहिले. काय बोललात, मी विचारलं. "काही नाही. त्याच्या पोरीचं लग्न ठरत होतं, त्याबद्दल. पाहुणे किती, हुंडा किती, वाजंत्री कुठली." अर्धा-पाऊण तास. तो उत्तरं देत होता, मग हं हं करत होता, मग नाही. त्याच्या टोपीचा दिवा चालू होता. जॅक आला तेव्हाही चालू होता.

चौकशी झाली. कागदावर लिहून आलं की कामगाराने छत तपासलं नव्हतं. बाबा म्हणतात तपासलं होतं, त्यांच्यासमोर ठोकलं होतं, बद्द वाजलं होतं आणि वर सांगितलंही होतं. त्यांना विचारायला कुणी आलं नाही.

माझा जन्म त्याच्या आधीचा. एवढी वर्षं एका घरात राहिलो. ही गोष्ट मला माहीत नव्हती. कारण मी विचारलीच नव्हती. बाबा खाणीत आहेत, पाळीला जातात, पाळीवरून येतात, त्यात काय होतं? काहीच होत नाही.

सिनेमाचे दोन शेवट आहेत. अमेरिकेत २००६ मध्ये दाखवला तेव्हा सारा वर येते, गाडीत बसून पळते, असं दाखवून काही सेकंदांत संपवला. मूळ शेवटात ते स्वप्न असतं. ती गुहेतच असते, आणि तिला समोर मेलेली मुलगी वाढदिवसाचा केक घेऊन दिसते. लोक अजून वाद घालतात कुठला बरा. आतेभावाला पळाली तोच आवडतो, पैसा वसूल. मी बाबांना दोन्ही सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "वर कुणी वाट पाहत होतं का तिची?"

नाही बाबा. कुणालाच माहीत नव्हतं ती कुठे आहे.

"मंग झालं तर," म्हणाले, आणि झोपायला गेले.

तुमच्या घरातही कुणी असेल, खाणीतलं, बोगद्यातलं, गटारात उतरणारं, विहीर खणणारं. सिनेमा पाहा नाहीतर नका पाहू. पण पहिला तास ढकलू नका. तेवढं विचारून घ्या.